बोलण्याचा वाटा

"खुर्ची चांगली आहे हो, पण चालायला लागली की आमचे हे मुके होतात," असं त्या बाईंनी तिसऱ्यांदा फोन करून सांगितलं, तेव्हा कुठे तो फोन खालच्या तक्रार विभागातून वर घड्याळबाईकडे आला.

घड्याळबाई हे तिचं ऑफिसातलं नाव. कंपनी विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्च्या बनवायची. प्रत्येक खुर्चीच्या बैठकीखाली साबणाच्या वडीएवढा एक कॉम्प्युटर असायचा. चाकं फिरवणं, वाटेत कुणी आडवं आलं तर ओळखणं, ब्रेक लावणं ही कामं त्याचीच. ज्यांची वाचा गेली आहे त्यांनी नजरेनं पडद्यावर निवडलेले शब्द मोठ्यानं म्हणून दाखवायचे, हे कामही त्याच्याच गळ्यात. डोकं एक आणि कामं ढीगभर. त्यामुळे आत्ता कुणी पुढे जायचं, कुणी थांबायचं आणि कुणाला किती वेळ मिळणार हे ठरवणारा एक प्रोग्रॅम त्यात होता, त्याला सगळे घड्याळ म्हणायचे. तो आधी कुणी तरी लिहून ठेवलेला होता. ते गृहस्थ नोकरी सोडून गेले आणि हिच्या गळ्यात घोंगडं आलं, नावासकट.

"मुके होतात म्हणजे नक्की काय होतं?" तिनं विचारलं.

"घरात बसले की छान बोलतात. बाहेर पडलो की गप्प. मग कुठे थांबलो की एकदम बोलतात, तेही मागचं. तुमच्या खालच्या मुलानं सांगितलं, मॅडम, खुर्ची ठरवल्याप्रमाणेच चालतेय."

"हो, म्हणजे तसं ते—"

"अहो, पण ठरवलं कुणी?"

 घड्याळबाईनं पत्ता विचारून घेतला आणि स्वतः येते म्हणाली.

घर तळमजल्यावर होतं. न्हाणीघराचं दार काढून तिथं जाड पडदा लावलेला, आणि भिंतींना गुडघ्याएवढ्या उंचीवर चाकांच्या काळ्या रेघा. फोन करणाऱ्या काकू बुटक्या, चटपटीत. काका खिडकीपाशी खुर्चीत होते. त्यांना नसांचा आजार होता. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. डोकं आणि डोळे मात्र पहिल्यासारखेच शाबूत. समोरच्या पडद्यावर त्यांची नजर भराभर फिरली आणि खुर्चीतून आवाज आला.

"या. बसा. मी उठत नाही, राग मानू नका."

घड्याळबाईला हसू आलं आणि हसावं की नाही तेही कळेना. काकांनी ते बरोबर टिपलं.

"हसा. आवाज भाड्याचा आहे. विनोद माझा."

काका जन्मभर फळबाजारात लिलाव पुकारायचे. पहाटे ट्रक उतरले की फळीवर उभं राहायचं आणि पेट्यांमागून पेट्या विकायच्या. गिऱ्हाइकाच्या भुवया बघून हा अजून किती वर जाईल ते त्यांना कळायचं, असं काकू सांगत होत्या. "यांचा आवाज बाजाराच्या पार त्या टोकाला जायचा. घरी आले तरी तोच सूर. मीठ दे म्हणायचे तर शेजारीण मीठ घेऊन यायची. मी म्हणायची, अहो, जरा हळू बोला. आता..." असं म्हणून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

चहा झाल्यावर तिघं बाहेर पडली. खुर्चीच्या पाठीला एक दांडी होती आणि त्यावर बटणं. काकू मागून चालवायच्या. बाजार जवळच होता. रिकाम्या रस्त्यावर काका बोलले तर ते जरा अडखळत का होईना, पण कळत होतं. फाटकातून आत शिरल्यावर मात्र हमाल, हातगाड्या, पेट्यांच्या भिंती आणि त्यातून वाट काढणारी माणसं, आणि काकांची खुर्ची गप्प झाली. घड्याळबाई शेजारून चालत पडद्याकडे बघत होती. काकांची नजर अक्षरांवर ठरत होती, पण उचललेलं अक्षर पडद्यावर उमटत नव्हतं. पडदा गोठल्यासारखा झाला होता.

एक जाडजूड व्यापारी पेट्यांवरून उडी मारून समोर आला. "अरे वा! काय म्हणताय शेठ? ओळखलं का?"

काकांची नजर पडद्यावर धावत होती. खुर्ची गर्दीबरोबर हळूहळू पुढे सरकत होती आणि तो माणूस वाकून उलट्या पावलांनी बरोबर चालत होता. त्याच्या तोंडावरचं हसू थोडा वेळ टिकलं, मग वाळलं. मग तो काकूंकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, यांना कळतं ना?"

"सगळं कळतं," काकू म्हणाल्या.

त्यानं काकांच्या खांद्यावर थोपटलं, लहान मुलाला थोपटावं तसं, आणि तो गेला.

पुढे एका हातगाडीतून लोखंडी सळया बाहेर आल्या होत्या, बरोबर डोक्याच्या उंचीवर. खुर्चीचे डोळे, म्हणजे कॅमेरे, खाली पायाच्या पातळीवर बसवलेले. त्यांना हातगाडीची चाकं लांब दिसत होती. काकू मागे आणि बुटक्या, त्यांना काकांच्या डोक्यापलीकडचं दिसत नव्हतं. घड्याळबाई पडद्यात गुंतलेली. सळईचं टोक काकांच्या कपाळावरून घासत गेलं तेव्हा कुठे सगळे थांबले.

खुर्ची थांबली. आणि मग त्या सपाट आवाजात, एकामागून एक, मध्ये श्वास न घेता सगळं बाहेर पडलं.

"ओळखलं रे गाढवा. मुलगी कशी आहे तुझी. लग्नाला येता आलं नाही. अगं थांब. थांब. सळई. थांब."

काकूंनी पदरानं रक्त टिपलं. खरचटलं होतं, फार नव्हतं. "हे असं असतं बघा," त्या घड्याळबाईला म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे ते जास्तच लागलं.

ती काकांना काही तरी म्हणायला वाकली. काकांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्यासाठी ते पाठ फिरवण्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती कार्यशाळेत गेली. तळमजल्यावरचा लांबलचक हॉल, रबराचा आणि तापलेल्या तारांचा वास, घोडीवर उचलून ठेवलेल्या खुर्च्या आणि हवेत फिरणारी त्यांची चाकं. मधोमध फळ्यांचा एक उतार केला होता. चाचणीसाठी वाळूच्या पोत्यांचा एक बाहुला होता, त्याला सगळे जावईबापू म्हणायचे, कारण तो नुसता बसून राहायचा आणि बाकीचे त्याच्याभोवती धावपळ करायचे.

या हॉलचे धनी होते ब्रेकमास्तर. खुर्चीचं चालणं आणि थांबणं सगळं त्यांच्या हातचं. माणूस तोंडाळ नव्हता, पण एकदा नाही म्हणाला की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायचा नाही.

घड्याळबाईनं बाजारातलं सगळं सांगितलं आणि मग मुद्द्यावर आली. "मास्तर, आपल्याकडे सगळी कामं एकाच रांगेत उभी आहेत. ब्रेक पहिला, चाकं दुसरी, अडथळे बघणं तिसरं आणि बोलणं अगदी शेवटी. रिकाम्या रस्त्यावर पुढच्यांचं लवकर उरकतं, बोलण्यालाही वेळ उरतो. गर्दीत अडथळेच इतके की मागच्यापर्यंत काही पोचतच नाही."

"मग? ब्रेक पहिला नको?"

"ब्रेक पहिलाच. पण रांग एक नको. दोन पातळ्या करू. आधी दोन गट करायचे, चालण्याचा एक आणि बोलण्याचा एक. सेकंदाचे बारीक बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात दोन्ही गटांना आपापला ठरलेला वाटा. ही वरची पातळी. मग ज्याच्या त्याच्या वाट्यात कुणी आधी जायचं ते त्या त्या गटानं ठरवायचं, ही खालची. चालण्याच्या गटात तुमचा ब्रेकच राजा. एखाद्यानं वाटा वापरला नाही तर दुसऱ्यानं वापरावा. पण हक्काचा वाटा कुणी कुणाचा खायचा नाही."

"आणि तुझ्या बोलण्याचा वाटा चालू असताना पोरगं आडवं आलं तर?"

"तुकडा इतका बारीक आहे की पापणी लवायच्या आत तुमची पाळी परत येते."

"पापणी लवायच्या आत पाय मोडतो, बाई," मास्तर म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. आधीच्या कंपनीत असताना त्यांच्या खुर्चीत कुणी तरी गाणी वाजवायची सोय घातली होती. मास्तरांनी विरोध केला तेव्हा त्यांना सांगितलं होतं, थोडासाच वेळ लागतो हो त्याला. एक तरुण शिक्षिका शाळेच्या उतारावरून खाली येत होती. गाणं बदलायला आणि ब्रेक दाबायला एकच गाठ पडली. ब्रेक लागला, पण उशिरा लागला, आणि भिंत आधी आली. मास्तर तिला बघायला इस्पितळात गेले होते. चूक त्यांची नव्हती, हे तीही म्हणाली. "पण तिच्या आईनं मला खुर्ची दिली ना बसायला, तेव्हा माझ्यानं बसवेना," मास्तर म्हणाले. त्यानंतर त्यांनी अडथळे बघणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दुहेरी तपासणी घातली. कॅमेऱ्यातलं प्रत्येक चित्र एकदा बघून झालं की पुन्हा पहिल्यापासून बघायचं.

"तेव्हा ते थोडासाच वेळ वगैरे मला सांगू नकोस."

घड्याळबाई भांडली नाही. तिनं बाजारातल्या फेरीची सगळी नोंद काढली आणि मोजमाप करत बसली. बाहुल्याला खुर्चीत बसवून, हॉलभर खोकी मांडून, लोकांना मध्ये धावायला लावून पुन्हा मोजलं. जितकं मोजावं तितकं मास्तरांचंच खरं ठरत होतं. गर्दीत चालण्याचा गट जवळजवळ सगळा वेळ खात होता, आणि तोही कामासाठीच. बोलण्याला ठरलेला वाटा द्यायचा तर कुणाच्या तरी तोंडचा काढावा लागणार होता. ती मास्तरांकडे गेली आणि सरळ म्हणाली, "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. जागा नाही."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही.

काकूंना फोन करणं तिच्या जिवावर आलं होतं. पण खालच्या मुलाकडून निरोप पाठवणं तिला बरं वाटेना. तिनं सगळं नीट सांगितलं, ब्रेकचं, शिक्षिकेचं, दुहेरी तपासणीचं.

 काकू म्हणाल्या, "तुम्ही स्वतः सांगितलंत हे बरं केलंत. एक विचारू? ते जे नाही म्हणाले ना गृहस्थ, त्यांना आमच्याकडे पाठवाल? भांडायला नाही हो. फोन मोठ्या आवाजावर आहे, यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हटलं, त्या माणसाला बोलव."

मास्तर आधी नको म्हणाले. मग म्हणाले, "मी काय करू जाऊन?" मग शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून घड्याळबाईच्या आधी बसस्टॉपवर येऊन उभे होते.

त्या घरात शिरल्याबरोबर मास्तरांनी पहिल्यांदा खुर्चीची चाकं बघितली, वाकून टायरला नख लावून बघितलं. काका त्यांच्याकडे बघत होते.

"दात पण बघा. घोडा तुमचाच आहे."

मास्तर ओशाळले, मग हसले. काकूंनी त्यांना बसायला स्टूल दिलं. ते बसले.

"पाय मोडला ती मुलगी," काका म्हणाले, "आता कशी आहे?"

"बरी आहे. शिकवते. नवी खुर्ची मीच बसवून दिली तिला."

"घाबरत नाही?"

"उतारावर घाबरते, म्हणाली."

काकांची नजर पडद्यावर बराच वेळ फिरली. लांब वाक्याला त्यांना वेळ लागायचा.  काकूंना याची सवय होती, त्या हातातली शेंग सोलत राहिल्या.

"मीही घाबरतो. रोज. पडलो तर हात पुढे करता येणार नाही. पण माझ्यासमोर लोक हिला विचारतात, यांना कळतं का. त्याला मी जास्त घाबरतो."

मास्तर खाली बघत होते.

"ब्रेक पहिलाच ठेवा. माझा नंबर शेवटचा असू नये, एवढंच."

मास्तरांनी मान वर केली तेव्हा त्यांचं लक्ष काकांच्या कपाळाकडे गेलं. खपली धरलेली एक लांब रेघ होती. "हे काय झालं?"

घड्याळबाईनं सळईचं सांगितलं. हे ती आधीही म्हणाली होती, पण तेव्हा मास्तरांनी ते तक्रारीतली एक ओळ म्हणून ऐकलं होतं.

"खुर्चीला दिसलं नाही?"

"कॅमेरा खाली आहे ना, मास्तर."

"आणि तुम्हाला दिसलं होतं?" त्यांनी काकांना विचारलं.

"दिसलं होतं. थांब म्हणालो होतो."

"कधी?"

"लागायच्या आधी."

 परत येताना स्टॉपवर उतरल्यावर मास्तर म्हणाले, "दोनदा बघतो मी सगळं. दोनदा. आणि ज्याला दिसलं त्याचं तोंड बंद करून ठेवलंय."

त्यानंतर मास्तरांनी जे केलं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकांच्या परवानगीनं साठवलेल्या जुन्या फेऱ्यांची चित्रं कंपनीकडे होती. ती सगळी त्यांनी काढली आणि एकेक फेरी पुन्हा चालवून बघायला लागले. पहिल्या नजरेतून सुटलं आणि दुसऱ्या नजरेनं पकडलं, असं किती वेळा झालं? चहाच्या सुट्टीतही ते पडद्यासमोरच. घड्याळबाई अधूनमधून डोकावायची, ते हातानंच जा म्हणायचे. आठवडे गेले. एके दिवशी त्यांनीच तिला हाक मारली.

"हे बघ. खुर्ची जोरात असेल तर दुसरी तपासणी कामाची आहे. तिथं मी एक तसूभर सोडणार नाही. पण चालण्याच्या वेगात, गर्दीत, दुसऱ्या नजरेनं नवीन काही पकडलंय असं एकदाही झालेलं नाही. एकदाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते मी भीतीपोटी घातलं होतं. भीती काही खोटी नव्हती. पण सावकाश चालताना तिनं एवढी जागा अडवायची गरज नाही. तेव्हा दुसरी तपासणी उरलेल्या वेळात होऊ दे, झाली तर झाली. तिची जागा घे तू."

"मास्तर..."

"पण भिंत पक्की बांध. माझं काम तुझ्या वाट्यात शिरणार नाही, तुझं माझ्या वाट्यात शिरता कामा नये. आणि जोरात असताना तुझा वाटा लहान होईल. शून्य नाही, पण लहान."

"चालेल," ती म्हणाली. "पळताना लोक तरी कुठे गप्पा मारतात?"

मग दोघं एका टेबलावर बसून कामाला लागली. वरच्या पातळीची वाटणी तिनं लिहिली आणि ती फोडता येते का हे मास्तरांनी बघितलं. मुद्दाम खोडसाळ प्रोग्रॅम लिहून बोलण्याच्या गटात सोडायचे, कधी थांबूच नये असे, आणि मग जावईबापूंना उतारावरून सोडून द्यायचं. ब्रेक दर वेळी वेळेवर लागला. पहिले काही दिवस मास्तर उताराच्या तळाशी स्वतः आडवे उभे राहायचे. घड्याळबाई म्हणायची, अहो बाजूला व्हा. ते म्हणायचे, मी बाजूला झालो तर तुझा विश्वास आहे हे मला कसं कळणार?

चालण्याचं जमलं आणि बोलण्याचं फसलं. वाटा मिळाला होता, वेळेवरही मिळत होता, पण आवाज तुटत होता. खुर्ची "नमस्कार" म्हणायला लागली की मध्येच उचकी लागल्यासारखी थांबायची. घड्याळबाईनं खालची पातळी उघडून बघितली तेव्हा चोर घरातच निघाला. बोलण्याच्या गटातला बराचसा वेळ पडदा रंगवण्यात जात होता. अक्षर निवडलं की ते फुगायचं, चमकायचं, मग अलगद ओळीत जाऊन बसायचं. हे सगळं पडद्याचं काम करणाऱ्या पोरगेल्या इंजिनियरचं होतं, त्याला सगळे रंगारी म्हणायचे.

"तुझी अक्षरं शेवटी जाणार," तिनं त्याला सांगितलं. "आधी नजर टिपणारा कॅमेरा, मग शब्द, मग आवाज. उरलं तर रंग."

रंगाऱ्यानं नवी चाचणी बघितली आणि कपाळावर हात मारला. "ताई, बेडकासारख्या उड्या मारतायत माझी अक्षरं!"

"मारू देत. पण बोलणं ऐक."

खुर्ची गर्दीतून चालत होती आणि स्पष्ट, सलग म्हणत होती, नमस्कार, मी जावईबापू, मला चहा सांगा. रंगारी दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं साधी, ठळक, काळ्यावर पांढरी अक्षरं करून आणली, फुगणं नाही, चमकणं नाही. "हीच बरी दिसतात खरं तर," तो म्हणाला, आणि त्याला ते म्हणायला त्रास झाला हे दिसत होतं.

पुढे तपासण्या झाल्या, साहेबांच्या सह्या झाल्या आणि काही महिन्यांनी हा बदल बोलणाऱ्या सगळ्या खुर्च्यांमध्ये गेला. पण त्याआधी परवानगी काढून पहिली फेरी काकांच्या खुर्चीतून करायची, हे मास्तर आणि घड्याळबाई दोघांनी न बोलताच ठरवलं होतं.

सकाळची वेळ. बाजार भरात. काकू मागे दांडीवर, घड्याळबाई एका बाजूला आणि मास्तर दुसऱ्या बाजूला, डोळ्यांत तेल घालून चाकांकडे बघत. सगळे फाटकातून आत शिरले.

एक हमाल डोक्यावर पेटी घेऊन समोरून आला आणि काकांना बघून ओरडला, "राम राम मालक!"

"राम राम. पेटी सरळ धर. संत्री रडतायत."

खुर्ची चालत होती. हमाल जागच्या जागी थांबला, खदाखदा हसला आणि पेटी खरंच सरळ करून पुढे गेला. मास्तरांनी मान वर केली. घड्याळबाईनं त्यांच्याकडे बघितलं. तेवढ्यात काका पुन्हा बोलले.

"उजवीकडे वळ."

"उजवीकडे कशाला?" काकू म्हणाल्या. "आपण नेहमी डावीकडून जातो."

"लिलाव बघायचाय."

काकूंचे हात दांडीवर घट्ट झाले. "नको. तुम्हाला त्रास होतो."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मला कळत नाही? म्हणून तर एवढ्या लांबून नेते तुम्हाला रोज. तो आवाज कानावर पडू नये म्हणून."

"मला तोच आवाज हवा असतो."

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"बोललो. रोज बोललो. वळण मागे गेल्यावर ऐकू येत होतं तुला."

काकू चालता चालता थांबल्या नाहीत, पण त्यांचा आवाज चढला. "आणि घरी? घरी तर धडधडीत बोलता येत होतं ना? तेव्हा का नाही सांगितलंत?"

"घरी मागितलं की तू रडतेस. हे असं जाता जाता म्हणायचं असतं."

"मी रडते? मी?"

"आत्ता रडतेस."

"धुळीनं पाणी आलंय डोळ्यांत!"

लोक वळून बघायला लागले होते. एका बाजूला बुटक्या काकू तावातावानं, दुसरीकडून तो भाड्याचा सपाट आवाज, पण एकही शब्द मागे राहत नव्हता. काकू बोलायच्या, तोवर काकांची नजर फिरलेली असायची आणि वाक्य संपतं न संपतं तोच उत्तर यायचं. कधी कधी तर मध्येच. घड्याळबाईला दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकतोय म्हणून संकोच वाटायला लागला. तिनं पाऊल हळू केलं. मास्तरही मागे राहिले. "ब्रेक ठीक आहे," ते उगाचच म्हणाले.

वळणावर खुर्ची क्षणभर अडखळली. मग काकूंनी दांडी उजवीकडे दाबली.

लिलावाचा मंडप उंच होता, आत माणसांची दाटी. फळीवर एक तरुण पोरगा घसा ताणून पुकारत होता. काकूंनी खुर्ची कडेला, सावलीत लावली आणि शेजारच्या उपड्या पेटीवर बसल्या. काकांचे डोळे त्या पोरावर खिळले होते, मग गिऱ्हाइकांच्या तोंडांवर, मग परत पोरावर. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. काकू अस्वस्थ झाल्या. त्या वाकून म्हणाल्या, "जायचं का?"

"थांब गं. तो मागे टोपीवाला उभा आहे ना. अजून वाढवणार आहे."

टोपीवाल्यानं बोट वर केलं. काकू फस्सकन हसल्या आणि मग त्यांना खरंच रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. काकांनी नजर तिकडून काढून काकूंकडे वळवली आणि तिथंच ठेवली, पुढची पेटी विकली जाईपर्यंत.

थोड्या वेळानं काकूंनी डोळे पुसले आणि मागे उभ्या असलेल्या दोघांकडे बघितलं. "तुम्ही निघा आता. तुमची कामं असतील. हे काही इतक्यात उठायचे नाहीत."

घड्याळबाईनं पिशवी खांद्याला लावली. मास्तर मात्र हलले नाहीत. टाचा उंच करून ते गर्दीपलीकडे बघत होते.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "ही सफरचंदं कितीला जातात एवढं बघतो आणि येतो."